शंख काय खातो ते बघायला : झरी ते रत्नागिरीची खाडी

लोक कोकणात हवापालट करायला जातात, मासे खायला जातात, लग्न झाल्यावर जातात. मी गेले ती चिडून. १९७५ सालची दिवाळीची सुट्टी होती, मी सत्तावीस वर्षांची होते आणि सोबत माझी माय होती. तिने तोवर पूर्णा नदीपेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं.

चिडायला कारण झालं ते असं. परभणीजवळ झरीच्या शाळेत मी सातवीला विज्ञान शिकवत असे. गोगलगाय, शिंपला, शंख हा मऊ अंगाच्या प्राण्यांचा धडा चालू होता. पहिल्या बाकावरच्या लक्ष्मीने विचारलं, "बाई, शंखात कोन राहतं?" तिच्या घरी रोज पूजेला शंख वाजायचा, म्हणून तिला उत्सुकता. मी सांगितलं की शंख हे एका समुद्री गोगलगायीचं घर असतं. ती मांसाहारी असते, वाळूतले किडे आणि शिंपल्यांच्या आतला जीव खाते. आणि किनाऱ्यावरची माणसं तिच्या जातीतल्या कितीतरी गोगलगायी शिजवून खातात. पोरांनी "ईईई" केलं, मी हसले, तास संपला.

तिसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी ऑफिसात बोलावलं.

"बाई, तुम्ही शंखाला मांसाहारी म्हणालात?"

"शंखाला नाही सर, त्याच्या आतल्या प्राण्याला. कॉलेजच्या पुस्तकात आहे. आणून दाखवू का?"

"पुस्तकात पुष्कळ असतं." त्यांनी पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "उमाकांतअप्पांची तक्रार आहे. लक्ष्मीचे वडील. शाळेच्या कमिटीवर आहेत, शिवभक्त घर आहे. त्यांना वाटतं, तुम्ही हे मुद्दाम बोललात."

"मुद्दाम म्हणजे?"

"आता ते मी तोंडाने बोलायला पाहिजे का? हेच दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी होती."

दुसऱ्या कुणी. आमच्या घराने छप्पन्न सालानंतर बौद्ध धम्म घेतला, हे अख्ख्या झरीला ठाऊक होतं. म्हणजे मी गोगलगाय म्हटलं तरी ते विज्ञान नव्हतं, तो माझा डाव होता. चार वर्षं पायपीट करून, दुसऱ्यांच्या वह्या उतरवून बी.एस्सी. झाले ते कुणाच्या देवघरावर थुंकायला, असा त्याचा अर्थ.

"सुट्टी संपल्यावर लेखी माफी आणा," हेडमास्तर म्हणाले. "दोन ओळी पुरेत."

"मी पुरावा आणते सर."

ते हसले. "आणा की. परभणी जिल्ह्यात समुद्र सापडला तर मलाही कळवा."

त्या हसण्याने सगळं ठरलं. कॉलेजातल्या ओळखीच्या प्रयोगशाळा मदतनीसाकडून मी फॉर्मॅलिनची एक जाड बाटली आणली आणि पिंगळीला मायकडे गेले. माझे वडील रेल्वेत गँगमन होते. ते वारल्यापासून माय पिंगळीत एकटीच राहून दुसऱ्यांच्या रानात कामाला जायची. तिला सगळं सांगितलं. ती तूर निवडत होती.

"दर्या लय लांब असंल ना?"

"दोन दिवस लागतेत."

"एकली जाऊ नकू. मी येते." आणि सूप बाजूला सारून म्हणाली, "मला बी बगायचंय त्ये काय खातंय."

---

परभणीहून सकाळची पुण्याची एसटी धरली. मानवत, पाथरी, माजलगाव, बीड, नगर असा रस्ता. भाडं माणशी वीसेक रुपयांच्या घरात होतं आणि तेवढ्या पैशात आमची हाडं सुटी करून मिळाली. पाथरीपर्यंत रस्त्याचे खड्डे मोजायचा नाद केला, मग सोडून दिला. माजलगावला चहा घेतला, नगरला आम्ही बांधून नेलेल्या ज्वारीच्या भाकरी आणि तिळाची चटणी खाल्ली. मायला खिडकी दिली होती. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती आणि ती प्रत्येक विहिरीकडे वाकून बघत होती.

पुण्यात मामेभावाच्या खोलीवर मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी स्वारगेटहून रत्नागिरीची गाडी. सातारा, कराड, पाटण, कोयना आणि मग कुंभार्ली घाट. घाटात गाडी वळली की माय माझा दंड धरायची. खाली सगळं हिरवं, इतकं हिरवं की आमच्याकडच्या माणसाला ते खोटं वाटावं. "एवढं गवत," ती म्हणाली, "आन् जनावर एक दिसंना." चिपळूणला उतरून घामाने निथळलो. हवा अंगाला चिकटत होती. जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं, घाट उतरायच्या आधी पोट हलकं ठेवा. आमच्या पुढच्या बाकावरच्या गृहस्थांनी ठेवलं नव्हतं.

रत्नागिरीला दिवेलागणीला पोचलो. स्टँडजवळ एक लॉज होतं. मॅनेजरने रजिस्टर उघडलं, गाव विचारलं, लिहिलं. आडनाव विचारलं, लिहिलं. मग पेन थांबलं.

"म्हणजे तुम्ही कोण?"

"शिक्षिका."

"तसं नाही हो. तसं कोण?"

"बौद्ध."

त्याने रजिस्टर मिटलं. "खोल्या भरल्यात. सणाचे दिवस."

त्याच्या डोक्यामागच्या फळीवर किल्ल्या लटकत होत्या. मी त्या मोजल्या, मोठ्याने. सात झाल्या तेव्हा मायने मला ओढत बाहेर नेलं. रात्र आम्ही एसटी स्टँडवरच्या बायकांच्या बाकड्यांवर काढली. मी चारशे मैलांवरून माझा एक राग घेऊन आले होते, त्याला तिथे सोबत मिळाली.

---

सकाळी बाजारात गेलो. मासळीबाजाराच्या तोंडाशी एक शिंपल्यांचं दुकान होतं. शिंपल्यांच्या माळा, शिंपल्यांचे मोर, काचेच्या कपाटात पांढरेशुभ्र पूजेचे शंख. मी विचारलं, हे इथल्या समुद्रातले का?

"छे छे," दुकानदार म्हणाला. "पूजेचा शंख इथे मिळत नाही. तो दक्षिणेकडून येतो, नाहीतर कच्छकडून."

हे मला माहीत नव्हतं. ज्या शंखासाठी मी एवढी आले तो या किनाऱ्यावर राहतच नव्हता.

"त्यातला प्राणी काय खातो?"

"खातो कुठला! समुद्राचं पाणी पितो फक्त. सात्त्विक जीव आहे तो. वेळ आली की आपणहून देह सोडतो आणि शंख किनाऱ्याला लागतो. म्हणून तर पवित्र."

"तुम्ही बघितलंय?"

"बघायचं काय त्यात? सगळ्यांना माहीत आहे."

सगळ्यांना माहीत आहे! झरीत हेच, इथे समुद्राच्या दारातही हेच. मी काहीतरी खरमरीत बोलणार होते, तेवढ्यात मागून कुणीतरी फिसकन हसलं. पाटी घेऊन बसलेली एक मासळीवाली होती. पन्नाशीची, काटक, कपाळावर आडवी आठी.

"आपणहून देह सोडतो म्हणे," ती म्हणाली. "उकळत्या पाण्यात टाकल्याबिगर सोडील काय? बाय माझी, तुला कशाला हवाय शंखातला जीव?"

तिचं नाव चंद्रा. शहरापासून एसटीने तासाभरावर, खाडीच्या तोंडाशी तिचं गाव. मी तिला सगळं सांगितलं, हेडमास्तरांच्या टोपणासकट. तिने पाटीतले मासे उलटेसुलटे केले, माशा हाकलल्या.

"तुमच्या देवाचा शंख माझ्याकडं नाय. पण त्याचे भाऊबंद हायत. आमच्या खडपात बसतात आणि कालवांचा सत्यानाश करतात. आज-उद्या अवसेची मोठी सुकती हाय. सकाळी पाणी लांब जाईल तेव्हा दाखवते. चला माझ्याबरोबर."

तिच्या ओटीवर पोचलो तेव्हा माय उंबऱ्याबाहेरच थांबली. "आधीच सांगते बाई, आमी बौद्ध हाव. मागून बोल नको."

चंद्राने तिच्याकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं. "मी इचारलं काय? पाय धुवा नि आत या. चिखल नको घरात."

---

भाऊबीजेच्या दिवशी तांबडं फुटायच्या आत आम्ही निघालो. तुम्ही कधी हे बघायला जाणार असाल तर अमावास्या नाहीतर पौर्णिमेच्या मागेपुढे दोन दिवस जा, कारण तेव्हाच पाणी खूप मागे हटतं. पायात रबरी चपला हव्यात. मी अनवाणी उतरले आणि टाच कापून घेतली. कालवांच्या, म्हणजे खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांच्या, कडा ब्लेडसारख्या असतात. आणि भरती केव्हा लागणार ते गावातल्या माणसाला विचारूनच उतरा, समुद्र आपल्या हाका ऐकत नाही.

माय वाळूवर आली आणि उभी राहिली. समोर पाणीच पाणी, राखेच्या रंगाचं. मला वाटलं हात जोडेल. तिने ओंजळीत पाणी घेतलं, तोंडाला लावलं आणि थुंकलं.

"एवढं पानी," ती म्हणाली, "आन् पिता येत न्हाई. आमी तिथं हंडाभर पान्यासाठी मेलाव."

बराच वेळ ती समुद्राकडे रागाने बघत राहिली. राग माझ्यात कुठून आला ते मला त्या दिवशी कळलं.

चंद्रा वाकून चालत होती. ओल्या वाळूवर बोटभर रुंदीचा एक चर दिसत होता, कुणी काठी ओढत नेल्यासारखा. तो वळत वळत गेला आणि एका उंचवट्याशी संपला. तिने तिथे हात घातला आणि एक गोल, गुळगुळीत, लिंबाएवढी गोगलगाय वर काढली. तिचा पाय म्हणजे एक मोठा चिकट पदर होता आणि त्या पदरात तिने एक शिंपला घट्ट गुंडाळून धरला होता. तिकडे त्याला तिसरी म्हणतात. चंद्राने नखाने तो सोडवून माझ्या हातात दिला.

शिंपल्यावर एक भोक होतं. अर्धवट. बारीक गिरमिटाने कोरायला घ्यावं आणि मध्येच कुणी हाक मारावी, तसं.

"आरपार गेलं की आत सोंड घालते नि चाटूनपुसून खाते," चंद्रा म्हणाली. "हे बघ, झालेली."

तिने आजूबाजूचे रिकामे शिंपले उचलले. एकेकावर तेच भोक, गोल, कडेला उतार दिलेलं, सोनाराने पाडल्यासारखं. मी आयुष्यभर पुस्तकातली चित्रं बघून शिकवत आले होते. हे भोक हातात घेऊन माझे डोळे भरून आले. मला हवा तो पुरावा कुणीतरी शिंपल्यावर स्वतः कोरून ठेवला होता.

पुढे खडप होतं, म्हणजे पाणी गेल्यावर उघडे पडणारे काळे खडक. त्यावर कालवांची दाटी. मध्ये खाचेत, चिखलात, मुठीएवढे शंख बसले होते. बाहेरून मळकट, तपकिरी, शेवाळलेले, पण आकार अगदी देवघरातल्या शंखाच्या जवळचा, टोकदार, खालच्या बाजूला नळीसारखा निमुळता. एक तर कालवावर चढून बसलेला होता. चंद्राने मला खाली वाकून बघायला लावलं. कालवाच्या उघड्या फटीत त्याची सोंड गेलेली होती. आम्ही तिघी श्वास रोखून बघत होतो आणि तो निवांत खात होता. त्याला घाई नव्हती, लाज नव्हती, कुणाच्या परवानगीची गरज नव्हती.

"हे ह्यांचं घर आणि हे ह्यांचं ताट," चंद्रा म्हणाली. "कालवं हायत तिथं हे. कालवं सरली की हे पुढं सरकतात."

माय खडकावर उकिडवी बसली होती. ती एकदम म्हणाली, "आमी खायचाव."

"काय?"

"गोगलगाई. पूर्णेतल्या. येलदरीचं धरन न्हवतं तवा. पात्राच्या कडंला मिळायच्या, काळ्या, बोराएवढ्या. माझी माय मीठ घालून उकडायची, बाभळीच्या काट्यानं काढून द्यायची. लय ग्वाड लागायच्या."

सत्तावीस वर्षांत हे मला तिने सांगितलं नव्हतं.

"मंग तुझ्या बापानं सांगितलं, आता धम्म घेतला, चिखलातलं, मेलेलं काही घरात शिजनार न्हाई. मेलेलं सोडलं ते बरं झालं, ते सोडायचंच होतं. पर गोगलगाय तर जिती असती. ती कामून सोडायची, हे मी त्यान्ला कधी इचारलं न्हाई. तू शाळंत जायलीस, मंग तर बोलायचीच सोय न्हवती. पोरगी लाजंल वाटायचं."

तिचं खरं होतं. मी लाजले असते.

---

चंद्राने दहा-बारा शंख खळखळत्या पाण्यात टाकले. थोड्या वेळाने एकेकातला जीव पिळवटून बाहेर काढला, दारासारखी कडक चकती उचकटून टाकली, आतली काळी घाण कापली, मीठ चोळचोळून बुळबुळ घालवली आणि ओलं खोबरं, लाल मिरची, कोकम घालून कालवण केलं. सोबत तांदळाची भाकरी. शेवटपर्यंत तिने आमच्याकडून एक पैसा घेतला नाही. उलट मायच्या पिशवीत कोकम कोंबलं.

ताट समोर आलं आणि माझा घास तोंडात जाईना.

मी, विज्ञानाची बाई, हेडमास्तरांच्या अडाणीपणावर दात-ओठ खाणारी. त्या रबरी, पिवळसर तुकड्याकडे बघून मला मळमळायला लागलं. सातवीतली पोरं जशी "ईईई" करतात तसं माझं आतून झालं. मी स्वतःवरच इतकी संतापले की घास जबरदस्तीने कोंबला आणि मागल्या दारी जाऊन टाकून आले.

चंद्रा हसली नाही. "बाईच्या पोटात राग भरलाय," ती मायला म्हणाली. "तिथं जागा कुठाय?"

मायने दोनदा मागून घेतलं. सावकाश, डोळे मिटून चावून खाल्लं. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते इतकी वर्षं लपवायला लावणाऱ्यांच्या यादीत मी स्वतःही होते.

दुसऱ्या दिवशी निघालो. बाटलीत एक मोठा शंख जिवासकट, दुसरी ती गोल गोगलगाय. कागदात भोकं पडलेले तीसेक शिंपले आणि तो अर्धवट भोकाचा एक, कापसात वेगळा. परतीचा रस्ता तोच, फक्त घाटात यावेळी माय झोपली.

---

शाळा उघडली त्या दिवशी मी ऑफिसात टेबलावर बाटली ठेवली, शिंपले मांडले. हेडमास्तरांनी खुर्ची मागे सरकवली.

"हे काय? वास येतोय."

"औषधाचा आहे. सर, हे बघा, या भोकाची कड..."

"हा पूजेचा शंख आहे?"

मी खोटं बोलू शकले असते. मळका रंग खरवडला असता तर त्यांना काय कळणार होतं! "नाही," मी म्हणाले. "तो त्या किनाऱ्यावर मिळत नाही. पण हा त्याचा नातेवाईक आहे, आणि दोघंही मांसाहारीच आहेत."

"म्हणजे पुरावा नाही." त्यांचा चेहरा उजळला. "झालं तर मग. माफी लिहा."

"सर, एकदा बघा तरी. उचलून बघा."

"मला काही बघायचं नाही."

माणसाला माहीत नसतं, त्याचा मला राग येत नाही. मलाही पुष्कळ माहीत नव्हतं. पण समोर हातभर अंतरावर ठेवलेलं बघायला जो मान वळवत नाही, त्याचं काय करायचं? मी इतक्या मोठ्याने बोलायला लागले की शिपाई दारात आला. आणि त्याच्या मागून उमाकांतअप्पा. कमिटीच्या कसल्याशा कागदावर सही करायला आले होते. कपाळाला भस्म, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी, हातात छत्री. माझा सगळा संताप त्यांच्याकडे वळला.

"या अप्पा. तुमचीच तक्रार आहे ना? बघा, पुरावा आणलाय."

"माजी तक्रार?" अप्पा गोंधळले. "कशाची?"

"शंखाची. मी मुद्दाम बोलले म्हणून."

"पोरीनं घरी सांगितलं खरं. मी मास्तरांना रस्त्यात भेटलो तवा इचारलं, बाई म्हनतेत ते खरं हाय का म्हनून. तक्रार कवा केली मी?"

आम्ही दोघांनी हेडमास्तरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "तुमच्या बोलण्याच्या सुरावरून मला वाटलं, अप्पा, की तुम्ही नाराज आहात."

मी सुट्टीभर, आठशे मैल जाऊन-येऊन, ज्या माणसाला मनातल्या मनात शिव्या दिल्या, त्याने फक्त एक प्रश्न विचारला होता. त्याची मुलगी त्याच्यावरच गेली होती.

अप्पा टेबलाशी आले. बाटली उचलून उजेडात धरली. बराच वेळ बघितली. मग हळू आवाजात म्हणाले, "बाई, ह्याला भाईर काढतेत कसं?"

मी सांगितलं. उकळत्या पाण्यात, नाहीतर कुजवून. पूजेच्या शंखाचंही काही वेगळं होत नसणार.

त्यांनी बाटली जपून खाली ठेवली. "आमच्या घरात अंडं चालत न्हाई. आन् मी रोज..." वाक्य तिथंच राहिलं. त्यांचा चेहरा तापला. "हे तुमी सांगायला नको होतं बाई," ते म्हणाले. दारापर्यंत गेले, थांबले. "न्हाई. कुनीतरी लय आधी सांगायला पायजे होतं." सही न करताच ते निघून गेले. त्यांच्या घरी शंख वाजायचा थांबला की नाही, ते मी कधी विचारलं नाही. तो प्रश्न माझा नव्हता.

---

शनिवारी पिंगळीला जाऊन मायला सगळं सांगितलं.

"मास्तरांनी बगितलं का तरी?"

"न्हाई. हात बी लावला न्हाई."

सोमवारी माझा तास सुरू झाला आणि दारात माय उभी. नवी चोळी, धुतलेलं लुगडं, पहिल्या बसने आलेली. झरीच्या शाळेच्या फाटकाच्या आत ती तोवर कधी आली नव्हती.

"मी सांगते," ती म्हणाली.

मी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. पोरांनी कुजबूज थांबवली. तिने भोकाचे शिंपले पहिल्या बाकावर लक्ष्मीच्या हातात दिले आणि सांगायला लागली. वाळूतला चर कसा असतो. पदरात गुंडाळल्यासारखा शिंपला कसा धरलेला असतो. सोंड कशी आत जाते. शिंपले एका हातातून दुसऱ्या हातात फिरत होते, पोरं भोकातून डोळा लावून खिडकीकडे बघत होती. मग एका पोराने विचारलं, "आजी, त्याची चव कशी लागती?"

मायने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"ग्वाड," ती म्हणाली. "मी ल्हानपनी पूर्णेतल्या खाल्ल्यात, आन् आता दर्यातल्या बी खाल्ल्या. ज्यानं खाल्ली न्हाई त्यानं नाव ठिवू नये."

कुणी "ईईई" केलं नाही. तेवढ्यात दारात हेडमास्तर येऊन उभे राहिले. कोण ही बाई, कुणाच्या परवानगीने, असं सगळं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मायने त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"या मास्तर," ती म्हणाली. "बसा. सांगायलेय."

ते बसले नाहीत. पण गेलेही नाहीत. तास संपेपर्यंत दारात उभे राहिले.

पुढच्या जूनमध्ये माझं विज्ञान काढून मला शिवणकाम दिलं. कारण कागदावर कुठेच आलं नाही. नवीन हेडमास्तर येऊन विज्ञान परत मिळायला तीन वर्षं गेली आणि त्या तीन वर्षांचा राग अजून जिरलेला नाही. जिरावा असं मला वाटतही नाही. लोक विचारतात, एवढ्या लांब जाऊन काय मिळालं? कोकण सुंदर आहे, जरूर जा, खाडी बघा, खडपात उतरा, जिवंत शंख बघून जिथल्या तिथे ठेवा. मला तिथे माझी माय मिळाली, आणि तिला गप्प बसवणाऱ्यांत मी होते हेही तिथेच कळलं. दोन्ही बरोबर घेऊनच परत आले.

त्या सोमवारी तास संपल्यावर मी तिला स्टँडवर सोडायला गेले. पिंगळीकडे जाणारी गाडी लागली होती. चढता चढता ती थांबली.

"शकू, त्ये माफीचं लिवून दिलंस का?"

"न्हाई."

"लिवू नकू," ती म्हणाली आणि आत जाऊन खिडकीशी बसली.